सी हॅरियर उभे उतरत असे, मग त्याच्या देखभालीला इतकी माणसे का लागत?

घणसोलीत राहणाऱ्या आणि विमान देखभालीच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचे दोन प्रश्न आहेत. पहिला असा की, आपल्या नौदलाचे सी हॅरियर विमान जहाजावर सरळ खाली उतरत असे, त्याला फेकायला कॅटापल्ट (डेकवरून विमान जोराने पुढे ढकलणारे यंत्र) लागत नसे आणि थांबवायला अरेस्टर वायर (डेकवरची अडवणारी तार) लागत नसे. आकार लहान, इंजिन एक, वैमानिकही एक. मग त्याच्यामागे एवढे तांत्रिक मनुष्यबळ का राबत असे? दुसरा प्रश्न व्यवहाराचा आहे: नवी मुंबईत उलव्याच्या नव्या विमानतळावर एअरबस किंवा बोईंगवर काम करू इच्छिणाऱ्याला या निवृत्त लढाऊ विमानाचा अभ्यास करून काय मिळणार? मी नौदलाच्या हवाई शाखेत तांत्रिक म्हणून नोकरी केली, त्यातला मोठा काळ गोव्यात ‘आयएनएस हंसा’ या तळावर आणि ‘विराट’ या विमानवाहू नौकेवर गेला, आणि निवृत्तीनंतर ऐरोलीत स्थायिक होऊन मुलांना हेच शिकवतो. त्यामुळे दोन्ही प्रश्नांना सविस्तर उत्तर देणे मला शक्य आहे.

पहिल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की, सी हॅरियरने जहाजाचे काम वाचवले आणि ते सगळे स्वतःच्या इंजिनावर घेतले. इंजिनावर आलेले काम शेवटी देखभाल करणाऱ्यांच्या अंगावर येते. हे नीट कळण्यासाठी त्याच्या आधीच्या विमानाकडे पाहावे लागेल.

आपल्या नौदलाची ३०० क्रमांकाची स्क्वॉड्रन १९६० मध्ये उभी राहिली ती सी हॉक विमानांवर, आणि ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’वरून ती उडू लागली. सी हॉक हे सरळ पंखांचे, रोल्स रॉईसच्या नीन इंजिनाचे, चार २० मिलिमीटर तोफांचे साधे आणि दणकट विमान होते. त्याला हवेत फेकायचे काम जहाजाच्या वाफेवर चालणाऱ्या कॅटापल्टचे आणि परत आल्यावर शेपटीचा हूक पकडून थांबवायचे काम डेकवरच्या तारांचे. म्हणजे उड्डाणातली जी दोन सर्वांत अवघड मिनिटे, त्यांचा भार जहाजाच्या यंत्रसामग्रीवर होता. १९७१ च्या युद्धात ‘विक्रांत’च्या चार बॉयलरपैकी एक नादुरुस्त होता, जहाजाचा वेग त्यामुळे घटला होता, आणि बंगालच्या उपसागरात वारा पडला की विमाने उडवायची कशी, ही चिंता विमानाच्या मेकॅनिकपेक्षा बॉयलर रूममधल्या लोकांना जास्त असे. तरीही ४ डिसेंबरपासून सी हॉकनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. जमिनीवरून झालेल्या माऱ्यात छिद्रे पडलेली विमाने रात्रीतून ठिगळे लावून सकाळी पुन्हा डेकवर उभी केली जात. आम्हाला शिकवणारे ज्येष्ठ चीफ, म्हणजे अनुभवी वरिष्ठ तंत्रज्ञ खलाशी, त्या पिढीतले होते आणि पत्र्याच्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण त्यांच्यापैकी अनेकांना सी हॅरियरचे इंजिन पाहून पहिल्यांदा कपाळाला आठ्याच पडल्या होत्या.

पहिली तीन सी हॅरियर १६ डिसेंबर १९८३ रोजी गोव्यात दाभोळीला उतरली आणि चारच दिवसांनी ‘विक्रांत’वर पहिले हॅरियर उतरले. पुढे नौदलप्रमुख झालेले अरुण प्रकाश तेव्हा या स्क्वॉड्रनचे प्रमुख होते. १२ मे १९८७ रोजी ‘विराट’ आपल्या नौदलात दाखल झाली, म्हणजे फॉकलंडच्या युद्धात गाजलेली ब्रिटिश ‘हर्मिस’च. तिच्यावरचे कॅटापल्ट ब्रिटिशांनी आधीच काढून टाकलेले होते आणि पुढच्या टोकाला १२ अंशांचा स्की जंप, म्हणजे वर वळलेला चढ, बसवलेला होता. ‘जलमेव यस्य, बलमेव तस्य’ हे तिचे ब्रीद. हॅरियर थोडी धाव घेऊन त्या चढावरून उडे, आणि परत येताना जहाजाच्या डाव्या बाजूला हवेत थांबून, आडवे सरकत डेकवर येऊन खाली बसे. बघणाऱ्याला हा खेळ वाटे. आता त्या वेळी आत काय चालले आहे ते पाहा.

हॅरियरच्या पेगासस इंजिनाला चार नॉझल, म्हणजे हवा आणि वायू बाहेर फेकणारी फिरती तोंडे, असतात, दोन पुढे आणि दोन मागे, दोन्ही बाजूंना. पुढच्या दोनमधून पंख्याची थंड हवा निघते, मागच्या दोनमधून टर्बाइनमधून आलेला जळता वायू. चारही नॉझल एकाच वेळी आणि अगदी एकाच कोनात फिरली पाहिजेत. त्यांना फिरवायला इंजिनाच्याच दाबाच्या हवेवर चालणाऱ्या मोटारी, त्यापुढे शाफ्ट आणि शेवटी प्रत्येक नॉझलभोवती चेन असे. या चेनचा ताण, तिची झीज आणि चारही नॉझलचा कोन जुळवणे हे काम डोळे आणि हात दोन्ही मागणारे. एका बाजूचे नॉझल किंचित मागे राहिले, तर हवेत थांबलेले विमान कलंडायला वेळ लागत नाही. शिवाय विमान स्थिर असताना पंखांवरून हवा वाहत नसल्यामुळे नेहमीचे एलेव्हेटर, एलेरॉन, रडर, म्हणजे विमान वर-खाली करणाऱ्या, झुकवणाऱ्या आणि वळवणाऱ्या हलत्या पट्ट्या, यांचा काही उपयोग नसतो. त्यांची जागा नाकाशी, शेपटीशी आणि पंखांच्या टोकांशी बसवलेल्या लहान झडपा घेतात, ज्यांतून इंजिनाच्या काँप्रेसरची (आत आलेली हवा दाबणाऱ्या भागाची) गरम, दाबाची हवा सोडून विमानाचा तोल सांभाळला जातो. म्हणजे विमानाच्या अंगभर गरम हवेच्या नळ्या फिरलेल्या, आणि त्यांच्या प्रत्येक जोडावर गळती तपासायची. साध्या जेट विमानात हा सगळा पसारा नसतोच.

आता वजनाचा हिशेब. इंजिनाचा जोर कागदावर सुमारे २१,५०० पौंड, म्हणजे पावणेदहा टनांच्या आसपास. रिकाम्या विमानाचे वजन सहा टनांहून थोडे अधिक. हवेत थांबायचे तर जोर वजनापेक्षा जास्त हवा, आणि त्या जोरातला काही भाग तोल सांभाळणाऱ्या झडपांत खर्च होतो. त्यातच अरबी समुद्रावरची दुपारची उष्ण, विरळ हवा इंजिनाची ताकद आणखी कमी करते. हे विमान ज्या देशात बनले तिथे थंडी होती. आपल्याकडे मे महिन्यात उरणारा फरक फार लहान होता. म्हणून वैमानिक परत येताना किती इंधन आणि किती शस्त्रे घेऊन उतरू शकतो, हे त्या दिवसाच्या तापमानावर आणि त्या विशिष्ट इंजिनाच्या प्रकृतीवर ठरत असे. दोन पेगासस इंजिने अगदी सारखी निघत नसत. प्रत्येकाची हवेत थांबण्याची क्षमता मोजून नोंदवलेली असे, आणि इंजिन बदलले की ते मोजमाप नव्याने.

उष्णतेवर उतारा म्हणून पाणी होते. विमानात सुमारे २२७ लिटर पाण्याची टाकी असे, आणि उतरताना ते पाणी इंजिनाच्या गरम भागात फवारले की टर्बाइनचे तापमान आटोक्यात राहून थोडा जादा जोर मिळे. तो साधारण दीड मिनिट पुरे; तेवढ्यात डेकवर टेकायचे. हे पाणी खनिजमुक्त असावे लागे, नाहीतर त्यातले क्षार टर्बाइनच्या पात्यांवर बसतात. त्यामुळे पाणी भरण्याआधी त्याची तपासणी, होज स्वच्छ आहे की नाही ते पाहणे, टाकीचे झाकण, पंप, सगळे काटेकोर. नवीन पोरांना पाणी भरण्याचे काम दुय्यम वाटे. त्यांना मी सांगत असे की, या टाकीत चूक झाली तर ती वैमानिकाला समुद्रापासून शंभर फुटांवर असताना कळेल.

दर वेळी उतरताना इंजिन आपल्या मर्यादेच्या अगदी जवळ चालवले जाई, आणि याचा परिणाम आयुष्यावर होई. प्रवासी विमानाच्या इंजिनाचे आयुष्य तुम्ही तास आणि उड्डाणांच्या संख्येवर मोजता. पेगाससच्या बाबतीत तापमान पाहून आयुष्याची खर्ची मोजणारे यंत्र विमानातच असे. तासभर शांतपणे उडालेल्या विमानापेक्षा थोडा वेळ उडून दुपारच्या उन्हात दोनदा हवेत थांबलेल्या विमानाने जास्त आयुष्य खाल्लेले असू शके. म्हणून उड्डाण संपले की आकडे उतरवून घ्यायचे आणि बोअरस्कोपने, म्हणजे इंजिनात घालायच्या बारीक नळीच्या दुर्बिणीने, पाती पाहायची. कुठले विमान कोणत्या कामाला लावायचे, हे ठरवताना अनुभवी चीफचे मत अधिकारीही विचारात घेत. ज्या विमानाचे इंजिन थकत आले आहे, त्याला सराव उड्डाणांत उगाच उभे उतरवून आयुष्य जाळायचे नाही, एवढी काटकसर सगळ्यांच्या अंगात मुरलेली होती.

पण लोक सर्वांत जास्त चकित होतात ते इंजिन बदलण्याच्या पद्धतीने, आणि इथे मी जरा थांबतो. बहुतेक विमानांत इंजिन खालून किंवा मागून निघते. हॅरियरमध्ये ते मधोमध, पंखाखाली दडलेले असते आणि दोन्ही बाजूंना नॉझल बाहेर आलेली असतात, त्यामुळे ते फक्त वरून निघते. वर पंख आहे. म्हणून आधी अख्खा पंख काढायचा. हा पंख डावा-उजवा असा वेगळा नसतो, एकसंध असतो, आणि त्यात इंधनाच्या टाक्या, एलेरॉनची यंत्रणा, टोकाशी असलेली छोटी चाके, तोल सांभाळणाऱ्या झडपांच्या नळ्या आणि विजेच्या तारा हे सारे असते. आधी इंधन काढून घ्यायचे. मग विमान जॅकवर उचलून, खालून आधार देऊन, पातळीत आणायचे, कारण पंख निघाल्यावर धड वाकले तर पुन्हा पंख बसवताना बोल्टची भोके जुळत नाहीत. मग एकेक जोड सोडवत जायचे, प्रत्येक नळीचे तोंड झाकायचे, प्रत्येक जोडाला चिठ्ठी लावायची. चारही नॉझल उतरवून घ्यायची. त्यानंतर स्लिंग (उचलायचे पट्टे) लावून पंख वर उचलायचा.

गोव्याच्या हँगरमध्ये हे काम करणे वेगळे आणि ‘विराट’च्या पोटातल्या हँगरमध्ये वेगळे. जहाज डुलत असते. लटकवलेला पंख झुलू नये म्हणून चारही बाजूंनी दोर धरून माणसे उभी. शिट्टी किंवा हाताच्या खुणेशिवाय कोणी बोलत नाही, आणि सूचना देणारा एकच. शेजारच्या विमानाचे नाक काही फुटांवर, पायाखाली बांधलेल्या विमानांच्या साखळ्या, वर दिव्यांचा पिवळट उजेड आणि सगळीकडे केरोसिनचा वास. पंख बाजूला गेला की इंजिन दिसते, आणि मग त्याच स्लिंगवर इंजिन. नवे इंजिन आत बसले की हाच क्रम उलट, आणि प्रत्येक टप्प्यावर दुसऱ्या माणसाची स्वतंत्र तपासणी. सगळे जुळल्यावर विमान बांधून इंजिन चालवून पाहायचे आणि शेवटी हवेत थांबून चाचणी. साध्या विमानात एका पाळीत आटोपणारे काम इथे अनेक पाळ्या चाले, म्हणूनच तुम्हाला ती माणसांची संख्या दिसते.

समुद्राच्या क्षाराबद्दल नवी मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. खाडीकडे तोंड असलेल्या इमारतीत एसीच्या बाहेरच्या युनिटची काय अवस्था होते ते आपण पाहतोच. विमानात मात्र क्षार लागतो तो ॲल्युमिनियम, टायटॅनियम आणि पोलाद जिथे एकमेकांना टेकतात त्या जागी. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या भागात कोरडा घातला तर खारी हवा लागताच त्या दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखे सुटू लागते. म्हणून बोल्ट सीलंट लावून बसवायचे. जमिनीवरच्या तळांवरून उडणाऱ्या हॅरियरच्या पेगाससमध्ये मॅग्नेशियम मिश्रधातूचे भाग होते. मॅग्नेशियम समुद्रावर टिकत नाही म्हणून नौदलाच्या आवृत्तीत ते ॲल्युमिनियमचे केले गेले. तरी रोजची धुलाई चुकत नसे: उड्डाणानंतर गोड्या पाण्याने विमान धुणे आणि ठरावीक काळाने काँप्रेसर स्वच्छ पाण्याने खंगाळणे. जहाजावर गोडे पाणी समुद्राच्या पाण्यातून तयार करावे लागते आणि त्यावर बॉयलरचा पहिला हक्क असतो. खलाशांच्या अंघोळीला पाण्याची टंचाई आणि विमानाला मात्र रोज स्नान, यावरून मेसमध्ये होणाऱ्या विनोदांना तोटा नसे.

माणसे किती लागत याचे आणखी एक कारण म्हणजे कामाची विभागणी. इंजिन आणि एअरफ्रेमचे लोक वेगळे, विजेचे वेगळे, रडार-रेडिओचे वेगळे, शस्त्रास्त्रांचे वेगळे, आणि विमान डेकवर हलवणारे, ट्रॅक्टरने ओढणारे, साखळीने बांधणारे हँडलर त्याहून वेगळे. वैमानिकाच्या सीटखाली त्याला आणीबाणीत बाहेर फेकणारे रॉकेट असते आणि कॅनॉपीच्या, म्हणजे कॉकपिटच्या झाकणाच्या, काचेला ती फोडणारी स्फोटक दोरी चिकटवलेली असते. त्यामुळे कॉकपिटमध्ये बल्ब बदलायचा असला तरी आधी सीटच्या सेफ्टी पिना मोजून जागेवर आहेत ना ते पाहायचे. पोटाखालच्या ३० मिलिमीटर तोफा काढल्या तर त्यांच्या जागी पट्ट्या बसवाव्या लागत. जमिनीवर आपटून वर उसळणारा गरम वायू या पट्ट्यांनी अडतो आणि विमानाला खालून थोडा आधार देतो. तो वायू इंजिनाच्या तोंडात परत शिरला तर ऐन उतरताना इंजिनाचा जोर कमी होतो. म्हणजे शस्त्रांचा विभाग तोफ उतरवतो, पण त्याचा संबंध इंजिनाशी येतो, आणि म्हणून विभाग वेगळे असले तरी एकाच नोंदवहीत सह्या लागतात.

एकदा रात्री आमच्या हँगरमध्ये काम संपताना एक स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घालायची दुपाती पिन) कमी भरली. जुनी काढलेली पिन ट्रेमध्ये हवी होती, ती नव्हती. पहाटेच्या उड्डाणात ते विमान होते. चीफने आधी ते विमान थांबवले, वरिष्ठांना कळवले आणि मग सगळ्यांना गुडघ्यांवर बसवले. टॉर्च, आरसा, लांब चुंबक, सगळे झाले. शेवटी ती मिळाली एका पोराच्या बुटाच्या तळव्यात रुतलेली. कोणी ओरडले नाही. नोंदवहीत ‘पिन मिळाली’ असे लिहून वेळ टाकून सही झाली आणि विमान मोकळे झाले. हॅरियरच्या इंजिनाची तोंडे मोठी आणि डेकच्या जवळ असतात, ते जे ओढून घेईल ते थेट पंख्यात जाते. म्हणूनच उड्डाणापूर्वी डेकवर ओळीने चालत बारीकसारीक कचरा वेचला जाई आणि त्या रांगेत हुद्दा पाहिला जात नसे.

शेवटच्या वर्षांत आणखी एक अडचण आली. ब्रिटिश नौदलाने २००६ मध्ये आपली सी हॅरियर निवृत्त केली आणि त्यानंतर जगात हे विमान वापरणारे आपणच उरलो. सुटे भाग मिळणे दुरापास्त झाले. एका विमानातून भाग काढून दुसऱ्याला लावणे, ज्याला आपण कॅनिबलायझेशन म्हणतो, ते नित्याचे झाले. आणि प्रत्येक वेळी दोन विमानांचे काम वाढले, कारण काढणेही काम आणि लावणेही काम. त्याच काळात हिंदुस्थान एरोनॉटिक्सने काही विमानांत इस्रायली एल्टा रडार आणि डर्बी क्षेपणास्त्रे बसवली, म्हणजे जुन्या शरीरात नवी यंत्रणा, आणि तिच्या तारांचे जाळे समजून घेण्याचे नवे शिक्षण. एकूण सुमारे तीस विमानांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत गेली, हे वास्तव झाकण्यात अर्थ नाही. हवेत थांबण्याच्या क्षणी चुकीला जागाच नसते, मग ती चूक वैमानिकाची असो, यंत्राची असो की देखभालीची. मे २०१६ मध्ये ‘हंसा’वर या विमानांना निरोप दिला गेला, ३०० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनकडे मिग-२९के आली आणि ६ मार्च २०१७ रोजी ‘विराट’ही निवृत्त झाली. मिग पुन्हा तारेवर उतरणारे आहे. म्हणजे उतरवण्याचा भार पुन्हा जहाजाकडे गेला.

आता दुसरा प्रश्न. सीएआर-६६ च्या, म्हणजे नागरी विमान देखभालीच्या परवान्याच्या, परीक्षेत पेगाससवर एकही प्रश्न येणार नाही, त्यामुळे गुणांसाठी हे वाचू नका. पण बोअरस्कोपने पात्याची कड ओळखणे, काँप्रेसर धुण्याचा हेतू समजणे, गरम हवेच्या नळीच्या जोडावरची गळती शोधणे आणि दोन धातू टेकतात तिथे आधी गंज पाहणे, ही कामे उलव्यालाही याच पद्धतीने होतील, आणि तिथली हवाही खाडीचीच आहे. गंजाचा भाग समजून घ्यायचा असेल तर वर्गातल्या चित्रांपेक्षा रबाळे-महापेच्या एमआयडीसीतल्या एखाद्या ॲनोडायझिंगच्या (ॲल्युमिनियमवर संरक्षक थर चढवण्याच्या) कारखान्यात दोन दिवस जाऊन उभे राहा. ओळख काढली तर परवानगी मिळते. नियंत्रण यंत्रणेच्या कामानंतर दुसऱ्या माणसाने स्वतंत्र तपासणी करण्याचा नियम नागरी विमानांतही आहे, आणि अनेक ठिकाणी ती तपासणी चहाच्या टपरीवर उरकते हेही मी ऐकून आहे. तुम्ही दुसरी सही करणारे असाल तर नट स्वतः हात लावून पाहा, लॉकिंग वायरची दिशा पाहा, आणि पहिल्या माणसाने ‘मी केलंय ना’ असे म्हटले तरी पाहा. गोव्याला गेलात तर बोगमाळो रस्त्यावर नौदलाचे विमान संग्रहालय आहे. तिथल्या सी हॉकच्या पंखाच्या मुळाशी वाकून इंजिनाचा धूर बाहेर पडण्याचा दोन बाजूंचा मार्ग बघा, आणि मग पेगाससच्या चार नॉझलची आकृती शेजारी ठेवा. काही अडले तर पुढचा प्रश्न नॉझलच्या चेनबद्दल विचारा, कारण त्यावर अजून बरेच सांगण्यासारखे आहे.